घाटेअळीचा पतंग आणि त्याची भावंडं: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

पेटी आली. आत ६४ पतंग, सगळे टाचणीला लावलेले. डांबरगोळ्यांचा वास इतका की झाकण उघडून अर्धा तास लांब बसावं लागलं. प्रत्येक टाचणीला जुनी चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीने एकच शब्द, 'घाटेअळी?'. तारखा काहींवर आहेत, काहींवर नाहीत. कुठल्या पिकावर किंवा सापळ्यात मिळाले, ते कुठेच नाही.

काम एवढंच: चिठ्ठीवरचं ते प्रश्नचिन्ह जितक्या टाचण्यांवरून काढता येईल तितक्यांवरून काढायचं. यातले हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा, म्हणजे खरी घाटेअळी, किती, तिची सख्खी बहीण असल्टा किती आणि लांबची पेल्टिजेरा किती. दोन आठवड्यांत उरकेल असं मॅडमना सांगून बसलोय. त्या नुसत्या हसल्या.

६ नोव्हेंबर

आधी नावांचा गुंता. एकच आर्मिजेरा, पण हरभऱ्यावर असली की घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी, आणि कपाशीवर गेली की हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी. खाणारी एकच, ताट बदललं की नाव बदलतं.

त्यातलं 'अमेरिकन' हे तर निव्वळ बालंट. आर्मिजेरा जुन्या जगातली: आफ्रिका, आशिया, दक्षिण युरोप, ऑस्ट्रेलिया. अमेरिकेतली बोंडअळी ती झिया, वेगळी जात. आर्मिजेरा अमेरिका खंडात असल्याची पहिली नोंद ब्राझीलमधली, २०१३ सालची. म्हणजे आपण तिला अमेरिकन म्हणायला लागल्यावर कैक वर्षांनी ती तिकडे पोचली.

९ नोव्हेंबर

रंगावरून वाटणी केली. दिवसभर खिडकीपाशी, भिंगाखाली. तीन ढीग पडले:

अ: पुढचे पंख हिरवट-राखाडी किंवा फिकट पिवळसर, ३१.
ब: तांबूस, विटकरीकडे झुकणारे, २७.
क: दोन्हींत न बसणारे, ६.

अ आणि ब इतके स्वच्छ वेगळे पडले की मनात म्हटलं, झालं की काम. अ म्हणजे आर्मिजेरा, ब म्हणजे असल्टा. वहीत तसं लिहूनही टाकलं. (ती ओळ खोडलेली नाही, राहू दे.)

१० नोव्हेंबर

मॅडमनी दोन्ही ढिगांवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "यातले नर किती, माद्या किती?"

मी पाहिलंच नव्हतं.

"मग आधी तेवढं बघा. जात नंतर."

नर-मादी ओळखायची खूण मागच्या पंखाच्या मुळाशी असते. तिथून निघालेला राठ केस पुढच्या पंखाच्या खालच्या आकड्यात अडकतो आणि उडताना दोन्ही पंख एकत्र हलतात. याला फ्रेन्युलम म्हणतात. नरात तो एकच, जाड, सुईसारखा. मादीत दोन-तीन बारीक केसांचा झुबका. पंख जरा उचलून, खालून उजेड टाकून बघायचं. पहिल्या पाच पतंगांना अर्धा तास लागला. नंतर हात बसला.

अ मधल्या ३१ पैकी २९ नर, २ माद्या. ब मधल्या २७ पैकी २४ माद्या, ३ नर.

म्हणजे काल मी दोन जाती नव्हे, नवरे आणि बायका वेगळ्या केल्या. आर्मिजेराचे नर बहुधा हिरवट-पिवळट आणि माद्या तांबूस असतात, हे वाचलेलं होतं. ऐन वेळी आठवलं नाही. तोंडघशी पडायचंच होतं, तर दुसऱ्याच दिवशी पडलो हे बरं.

१८ नोव्हेंबर

क ढीग. सहापैकी चार सोपे निघाले. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवरून एक काळपट डाग उतरतो आणि मूत्रपिंडाच्या आकाराच्या मधल्या ठिपक्याला जाऊन भिडतो, जणू कडेवर शाई सांडून खाली ओघळली. शिवाय पंखाच्या मागच्या कोपऱ्याजवळ एक बारका काळा ठिपका. ही हेलिओथिस पेल्टिजेरा, करडईवर येते ती. ही हेलिकोव्हर्पाही नाही, शेजारच्या वंशातली आहे. चौघांना नवी चिठ्ठी लावून बाजूला काढलं.

उरलेले दोन नर. मागच्या पंखात पिवळसर झाक. असल्टा असाव्यात. पण 'असाव्यात'वर चिठ्ठी लिहीत नाहीत.

२३ नोव्हेंबर

कुणीतरी विचारलं, एवढा खटाटोप कशाला, अळी ती अळी. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या कापूसवाल्यांकडे आहे. तिथे आर्मिजेराच्या जोडीला तिची एक बहीण आहे, पंक्टिजेरा. दोघी एकाच शेतात, जवळजवळ एकसारख्या. पण आर्मिजेराने एकामागून एक कीटकनाशकं पचवली, तशी पंक्टिजेराने पचवली नाहीत. म्हणजे शेतात दोघींपैकी कोण जास्त आहे यावर काय फवारायचं ते ठरतं. त्यांच्याकडे ओळखायची खूणही हाताशी आहे: मागच्या पंखाच्या काळ्या पट्ट्यात आर्मिजेराला एक फिकट खिडकी असते, पंक्टिजेराला नसते.

असल्टाचा मामला वेगळा. ती फक्त वांगी-मिरचीच्या कुळावर जगते: तंबाखू, मिरची, चिरबोटी. मिरचीतला तिखटपणाही तिला बाधत नाही. आर्मिजेराला मात्र काहीही चालतं, तंबाखूसुद्धा. त्यामुळे पिकावरून ओळखायचं झालं तर एकाच बाजूने चालतं. अळी हरभऱ्यावर मिळाली तर ती असल्टा नाही, हे छातीठोक. तंबाखूवर मिळाली तर ती असल्टाच, हे नाही.

आणि माझ्या पेटीत पिकाची नोंदच नाही.

३ डिसेंबर

पंखांवर विसंबायचं नाही असं ठरलं. आता पोट उघडायचं.

पतंगाचं पोट टाचणीवरून अलगद वर उचललं की कट्कन तुटून येतं. ते दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात टाकून परीक्षानळी गरम पाण्यात उभी करायची. दहाएक मिनिटांत आतलं मांस, चरबी विरघळते, नुसती कायटिनची, म्हणजे कीटकाच्या टणक कवचाची, पोकळ पिशवी उरते. मग पाण्यात, दोन बारीक चिमट्यांनी, भिंगाखाली. आधी मऊ ब्रशने खवले झाडायचे, नाहीतर सगळं पाणी सोनेरी गढूळ होतं आणि काहीच दिसत नाही.

आज तीन केले. पहिला जास्त शिजला, कागदासारखा फाटला. दुसऱ्यात पाणी गढूळ. तिसरा नीट उघडला: दोन बाजूंना दोन लांबट पाती, मादीला धरायला. मध्ये नळी. त्या नळीच्या आत गुंडाळलेली मऊ पिशवी, व्हेसिका. खरी मेख तिच्यात आहे. मिलनाच्या वेळी ती उलटून बाहेर येते, मोजा उलटा करावा तशी. आणि या वंशात ती लांबलचक, वेटोळी घालणारी असते. १९६५ साली हार्डविक यांनी हेलिओथिसमधून या जाती वेगळ्या काढून नवा वंश केला, त्याला नाव दिलं हेलिकोव्हर्पा. हेलिको म्हणजे मळसूत्री. व्हर्पा या लॅटिन शब्दाचा अर्थ मॅडमनी मिटिंगमध्ये सांगायचं टाळलं. कोशात बघितला, टाळला ते बरोबरच होतं.

५ डिसेंबर

व्हेसिका फुगवायला बारीक सुईची सिरिंज, आत अल्कोहोल. नळीच्या मागच्या तोंडात सुई घालून हळूच दाब द्यायचा. पहिल्या चार फुटल्या. पाचवी उलगडली. आधी एक टोक डोकावलं, मग वेटोळं, मग दुसरं. मी श्वास रोखून बसलो होतो, शेजारचा फोन वाजला आणि हात हलला. पण तोवर उलगडून झाली होती.

बुडाशी एक फुगवटा, एकच. आर्मिजेराचा एक, झियाचे तीन. अमेरिकेत या दोघींना वेगळं करायला हेच बघतात, कारण पंखांवरून तिथे कुणाचीच डाळ शिजत नाही.

११ डिसेंबर

घोटाळा. क्रमांक १७ आणि १८ ची पोटं एकाच नळीत गेली. चिठ्ठी एकच, १७ ची. दोन्ही नर, दोन्ही सारख्याच आकाराचे.

आता कुठलं पोट कुठल्या टाचणीचं हे कधीच कळणार नाही. सुदैवाने दोन्ही एकाच जातीचे निघाले तर फरक पडत नाही, पण ते सुदैव, पद्धत नव्हे. आजपासून एका वेळी एकच नळी, आणि चिठ्ठी पोटाच्या आधी आत जाईल.

१६ डिसेंबर

खरी अडचण आज समजली. उघडलेल्या नरांपैकी दोन बाकीच्यांपेक्षा वेगळे दिसतात. पात्यांची ठेवण वेगळी, वेटोळं वेगळं. पण हे वेगळे म्हणजे असल्टा, हे कशावरून? पुस्तकातलं चित्र एका कोनातून काढलेलं, माझं पोट दुसऱ्या कोनातून पडलेलं. हातात खात्रीचा असल्टा नर असेल तरच शेजारी ठेवून सांगता येईल. मॅडमना विचारलं, तसा नमुना आहे का. म्हणाल्या, "आपल्याकडे नाही. पण पतंगांना विचारता येईल."

२० डिसेंबर

विचारायची रीत अशी. मादी रात्री वास सोडते, नर त्यावर येतो. आर्मिजेरा आणि असल्टा, दोघींच्या वासात मुख्य घटक तेच दोन: झेड-११-हेक्झाडेसिनॅल आणि झेड-९-हेक्झाडेसिनॅल. दोन्ही सोळा कार्बनची साखळी, फरक फक्त दुहेरी बंध कुठे आहे याचा. आर्मिजेराच्या मादीत पहिल्याचं दुसऱ्याशी प्रमाण साधारण ९७ ला ३. असल्टात ते उलटं, पहिला शेकडा पाच ते दहा, बाकी सगळा दुसरा.

म्हणजे मसाला तोच, प्रमाण उलटं. ज्या गोष्टीसाठी मी पंधरवडाभर पोटं शिजवतोय, ती नराला अंधारात, वाऱ्यावर, मिशांनी कळते. रंगबिंग त्यांच्या हिशेबातच नाही. काळोखात हिरवट काय आणि तांबूस काय.

आज दोन कामगंध सापळे लावले, नरसाळ्याचे, खाली पिशवी. एकात आर्मिजेराचा ल्युअर, म्हणजे मादीच्या वासाचं नकली आमिष, दुसऱ्यात उलट्या प्रमाणाचा. वाऱ्याने वास मिसळू नये म्हणून एकमेकांपासून बरेच लांब.

२८ डिसेंबर

सापळ्याशेजारच्या तंबाखूवरून ८ अळ्या आणि बांधावरच्या चिरबोटीवरून ४ आणल्या. चिरबोटीची फळं कागदी कंदिलासारख्या आवरणात असतात. अळी आवरणाला भोक पाडून आत जाते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. काही अळ्या हिरव्या, काही तपकिरी, एक गुलाबी. या रंगांवरून काही ठरवायचं नाही, एवढं शहाणपण आता आलंय.

२९ डिसेंबर

डब्या कमी पडल्या म्हणून रात्री दोन अळ्या एका डबीत ठेवल्या होत्या. सकाळी एक. जरा जाडी झालेली. शेजारी डोक्याचं कवच पडलेलं. हे भावंडांनाही सोडत नाहीत हे माहीत होतं. तरी ठेवलं.

५ जानेवारी

सापळ्यांचा हिशेब, सोळा रात्रींचा. आर्मिजेराच्या ल्युअरवर ४१ नर, उलट्या प्रमाणाच्या ल्युअरवर ९. इतर जातीचे दोन-तीन भरकटलेले पतंग होते, ते वेगळे केले.

ते ९ आणि ४१ मधले ९, पंख पसरून ओळीने लावले. ताज्या पतंगांत फरक डोळ्यांत भरतो. आर्मिजेराचा मागचा पंख मळकट पांढरा, शिरा धुरकट, कडेला रुंद काळपट पट्टा. असल्टाचा मागचा पंख पिवळा, हळदीचा हात लागल्यासारखा. पुढच्या पंखावरच्या आडव्या रेघाही जास्त ठसठशीत. हे क मधल्या दोघांना तंतोतंत लागू. पण पेटीतले बाकीचे इतके जुने की पांढरा पंखसुद्धा पिवळट पडलाय. ताज्या मालावरची खूण जुन्या मालाला लावता येत नाही.

पोटं मात्र पिवळी पडून बदलत नाहीत. सापळ्यातल्या नरांची पोटं उघडली, पेटीतल्यांच्या शेजारी ठेवली. १६ तारखेचे ते दोन 'वेगळे' नर, असल्टाच. १७ आणि १८, दोन्ही आर्मिजेरा. सुटलो. दोन्ही जातींची चित्रं एकाच कोनातून, एकाच मापाने काढून ठेवली.

नरांचा प्रश्न संपला. पण कामगंध सापळ्यात मादी येत नाही. म्हणजे २६ माद्यांसाठी माझ्याकडे अजून एकही खात्रीचा नमुना नाही.

१४ जानेवारी

अकरापैकी तीन अळ्या गेल्या, दोघींना परजीवी माशीने आधीच गाठलं होतं. आठ कोष. कोषावरच नर-मादी ओळखता येतं, मादीची चीर पोटाच्या आठव्या खंडावर, नराची नवव्यावर. पाच माद्या, तीन नर. लगेच वेगळ्या डब्यांत, वेगळ्या खोलीत. पुढचा बेत या माद्या कुमारी राहण्यावर अवलंबून आहे.

३ फेब्रुवारी

पाचही बाहेर आल्या. एकीचे पंख चुरगळलेले, नीट पसरलेच नाहीत. उरल्या चार: क्रमांक २, ५, ७, ९.

बेत असा: मादी कुठल्या जातीची हे मला कळत नाही, पण नराला कळतं. आणि नर कुठल्या जातीचा हे आता मला कळतं. तेव्हा सापळ्यात ल्युअरऐवजी मादीच ठेवायची, छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात, साखरपाण्याच्या कापसाच्या बोळ्यासह.

६ फेब्रुवारी

पहिल्या दोन रात्री कुणी फिरकलं नाही. आज पहाटे तीनला लाल बॅटरी घेऊन गेलो. लाल उजेड त्यांना फारसा जाणवत नाही.

क्रमांक ७ जाळीला धरून उभी, पंख किंचित उचललेले, थरथरणारे. पोटाचं टोक लांबवलेलं, आणि त्यातून एक फिकट, ओलसर वळी बाहेर आलेली. आत जायची, परत यायची. मला काही वास आला नाही. वाऱ्याच्या खालच्या बाजूने मात्र एक पतंग नागमोडी येत होता. नाकासमोरून गेला, पिंजऱ्यावर आपटला आणि नरसाळ्यात घसरला. मागचा पंख पिवळा.

९ फेब्रुवारी

निकाल. २ आणि ७ कडे आलेले सगळे नर पिवळ्या पंखाचे: असल्टा. ९ कडे आलेले मळकट पांढरे: आर्मिजेरा. ती तंबाखूवरचीच होती, म्हणजे २३ नोव्हेंबरची नोंद घरबसल्या खरी ठरली. ५ कडे कुणीच आलं नाही. तिची तब्येत, थंडी, काय ते तिलाच ठाऊक. तिला नमुना म्हणून वापरणार नाही.

तीन खात्रीच्या माद्या. एवढ्या पुरेत.

१९ फेब्रुवारी

माद्यांची पोटं. नराच्या व्हेसिकेला जोड म्हणून मादीच्या आतही लांब वेटोळी पिशवी असते. ती न तोडता सरळ करणं हे धीराचं काम. दिवसाला तीनपेक्षा जास्त होत नाहीत. २, ७ आणि ९ शेजारी ठेवून बघितलं की शंका राहत नाही.

मध्ये एकदा वाटलं, पाय तोडून डीएनएला का दिले नाहीत. आर्मिजेरा आणि असल्टाला ते चाललं असतं. पण तोही सरळ रस्ता नाही. संकर झालेला असेल तर मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईचं नाव सांगतो. ब्राझीलमध्ये आर्मिजेरा आणि झिया यांचे संकर सापडले ते पूर्ण जीनोम तपासल्यावर. साधारण पंधरा लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या या दोघी, माणसाच्या मालवाहतुकीने पुन्हा एका शेतात आल्या आणि जमवून घेतलं.

२५ फेब्रुवारी

पेटीचा हिशेब:

आर्मिजेरा ५० (नर २९, माद्या २१).
असल्टा ७ (नर ४, माद्या ३).
पेल्टिजेरा ४.
राहिले ३.

९ नोव्हेंबरला ब ढिगाला 'असल्टा' म्हटलं होतं. त्या २७ मध्ये खऱ्या असल्टा तीन, बाकी सगळ्या घाटेअळीच्याच लेकीसुना आणि काही नर.

२६ फेब्रुवारी

राहिलेल्या तिघांना पोटच नाही. पेटीत कधीतरी कीड शिरली असणार. संग्रहातले पतंग खाणारे बारके भुंगेरे आधी पोटच साफ करतात. फ्रेन्युलम शाबूत आहे, त्यामुळे एक नर आणि दोन माद्या एवढं कळतं. पंख पिवळट, ते जातीमुळे की वयामुळे, सांगता येत नाही.

नवी चिठ्ठी लिहिली, 'हेलिकोव्हर्पा, पोट नाही', आणि जुन्या चिठ्ठीखाली टोचली. जुनी काढत नाहीत. प्रश्नचिन्ह वरच आहे.

ताजे डांबरगोळे घालून पेटी उद्या परत.